कमरेला लावायची सुरी

कॅनडात मासेमारीला किंवा रानात मुक्कामाला जाणारे अनेकजण कमरेला न मिटणारी सुरी लावतात. नोव्हा स्कोशियातल्या पिक्टू गावी 1950च्या दशकात डीन रसेल यांच्या कल्पनेतून रुडॉल्फ ग्रोमन यांनी घडवलेली सुरी मला त्यांतली सर्वांत शहाणी वाटते. पातं जेमतेम 4 इंच, झाडाच्या पानासारखं मधे रुंद, मूठ लाकडी. ती पाहून शेजारी बसलेला माणूस दचकत नाही, आणि रोज सोबत बाळगायच्या वस्तूत हे फार मोलाचं आहे. काळी, दुधारी, करवती दात्यांची पाती टाळाच.

टिकाऊपणा मुठीवरून ओळखावा: पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं. कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण ते गंजतं. खाऱ्या पाण्याजवळ स्टेनलेसच घ्या.

बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूवर कॅनडात बंदी आहे. साध्या सुरीच्या लांबीवर देशभर लागू अशी मर्यादा नाही; मात्र शस्त्र लपवून बाळगणं गुन्हा ठरतो. म्हणून सुरी म्यानात, उघड दिसेल अशी असावी. विमानप्रवासात ती नीट गुंडाळून चेक-इनच्या सामानात टाकावी.