तापलेली सीट हा आपल्या कामाचा प्रश्न आहे

(क्षेत्रकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल इथे पोटगीवर बोलणे झाले, रोजगार हमीवर झाले, दारूबंदीवर झाले. आज मी मोटारसायकलच्या सीटवर आणि सायलेन्सरवर बोलणार आहे. हसलात, ठीक आहे. आता ज्यांच्या पोटरीवर सायलेन्सरचा डाग आहे त्यांनी हात वर करा. बघा, किती हात आहेत! या डागांची नोंद आपल्या कोणत्याही अहवालात नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांत काम करते. कोलामांचे पोड मुख्य रस्त्यापासून आत आहेत. एसटी फाट्यापर्यंत सोडते, पुढे पायी जा नाहीतर दुचाकीने. संस्थेतल्या पुरुष कार्यकर्त्याला नवी गाडी मिळाली, तेव्हा त्याची जुनी शंभर सीसीची मोटारसायकल माझ्याकडे आली. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला क्षेत्रकार्याच्या पद्धती शिकवल्या. क्षेत्रापर्यंत शरीर कसे न्यायचे, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

आमच्या एका सहकारिणीने दुसऱ्या उन्हाळ्यानंतर काम सोडले. कागदावर कारण लिहिले गेले, 'घरगुती अडचण'. मी घरी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, बसायच्या जागी गळवं झाली होती. पाळीच्या दिवसांत तर रडत गाडी चालवायचे. हे सरांना कसं सांगू?" ती गेल्यावर तिच्याकडचे लांबचे पोड भेटींच्या यादीतून गळाले. तिथल्या गरोदर बायकांची नोंद मागे पडली, बचत गटाची बैठक बंद झाली. म्हणून म्हणते, हा आरामाचा प्रश्न नाही. तो कामाच्या परिस्थितीचा प्रश्न आहे.

आधी इंजिनाची उष्णता समजून घेऊ. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग गाडी पुढे न्यायला लागतो. बाकीची उष्णता होते. तिच्यातली काही सायलेन्सरच्या नळीतून जाते, काही इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांतून बाहेर पडते. मेकॅनिक त्यांना फिन म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारसायकली हवेने थंड होणाऱ्या आहेत, म्हणजे गाडी पळत असेल तरच इंजिनाला वारा लागतो. बाजाराच्या गर्दीत किंवा रेल्वे फाटकाशी गाडी चालू ठेवून उभे राहिलो, की तीच उष्णता आपल्या मांड्यांवर येते.

यावर आपल्या हातात पुष्कळ आहे. फाटकाशी इंजिन बंद करा. फिनमध्ये चिखल साचला असेल तर इंजिन गार झाल्यावर धुवा. ऑइल किती आहे ते दर आठवड्याला पाहा. ऑइल कमी असेल तर इंजिन जास्त तापते. ब्रेक फार आवळलेला असेल तर चाक अडकत चालते आणि इंजिनावर भार पडतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने मोकळे फिरते का ते बघा. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हू लागले तर खालचा गिअर टाका. आणि एक खास आपल्या कामातले: वजनकाटा, रजिस्टरे, औषधांची पिशवी आपण पुढच्या लेगगार्डला अडकवतो. ती पिशवी इंजिनाचा वारा अडवते. सामान मागे कॅरिअरवर बांधा.

आता सायलेन्सर. बहुतेक मोटारसायकलींवर तो उजव्या बाजूला असतो. म्हणून आपले डाग उजव्या पोटरीवर. सत्तर अंशांच्या धातूला कातडी एक सेकंद टेकली तरी खोल भाजू शकते आणि चाललेल्या गाडीचा सायलेन्सर त्याहून पुष्कळ तापतो. चढता-उतरताना नेहमी डावी बाजू धरा. सायलेन्सरवर उष्णता अडवणारा पत्रा असतो, त्याचे स्क्रू हलतात आणि पुष्कळदा तो पत्राच निघून जातो. तो परत बसवून घ्या. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि तापलेला सायलेन्सर उजवीकडे उघडा राहतो, नेमका लहान मुलांच्या उंचीवर. अंगणवाडीसमोर गाडी लावताना ती बाजू भिंतीकडे करा. नायलॉनची साडी किंवा सिंथेटिक सलवार तापलेल्या नळीला लागली तर वितळून कातडीला चिकटते. कापड सुती आणि जाड असू द्या, पायात घोटा झाकणारे बूट असू द्या.

भाजलेच तर? वीस मिनिटे साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरा. नळ नसेल तर हापशाखाली धरा, नाहीतर तांब्याने पाणी ओतत राहा. टूथपेस्ट नको, हळद नको, तूप नको, बर्फही नको. फोड फोडू नका. फोड मोठा असेल, भाजलेले मूल असेल किंवा मधुमेह असलेली बाई असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आता सीट. बसल्यावर आपला भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. बायकांच्या ओटीपोटाची हाडे सर्वसाधारणपणे रुंद असतात, त्यामुळे या दोन हाडांतले अंतरही जास्त. सीट अरुंद असली की भार हाडांवर न येता मधल्या नाजूक भागावर येतो. सीट पुढे उतरती असेल तर आपण टाकीकडे घसरत राहतो. त्यात पाळीचे दिवस, पॅडचे घासणे, रेक्झिनमध्ये अडकलेला घाम. मग गळवे होणारच, खाज आणि बुरशीचा संसर्ग होणारच. यात त्या सहकारिणीच्या शरीराचा काय दोष?

मऊ गादी म्हणजे चांगली गादी, हा समज सोडा. मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि आपण खालच्या पत्र्यावर बसतो. तालुक्याच्या गावात सीट शिवणारा असतोच. त्याला सांगा: जुना फोम काढ, घट्ट फोम घाल, उतार काढून बैठक सपाट कर. उंचीकडे लक्ष ठेवा. साध्या मोटारसायकलींची सीट जमिनीपासून ७८५ ते ८०५ मिलिमीटर असते. फोम वाढवला आणि पाय टेकेनासे झाले तर गाडी पडेल. म्हणून सीटच्या पुढच्या भागाच्या कडा थोड्या छाटून घ्या, म्हणजे पाय सरळ खाली जातात. माझ्या सीटला जो खर्च आला तो माझ्या एका महिन्याच्या पेट्रोलभत्त्यापेक्षा कमी होता.

काळे रेक्झिन उन्हात तव्यासारखे तापते. सावली नसेल तर सीटवर पांढरे सुती कापड टाका, बसायच्या आधी ओल्या फडक्याने पुसा. कापडाचे बंद चाकाकडे लोंबू देऊ नका. तासाभराने खाली उतरून चार पावले चाला. आणि पाणी प्या. वाटेत संडास नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या किती जणी इथे आहेत, ते मला ठाऊक आहे. ऊन, इंजिनाची धग आणि कोरडे शरीर, यातून लघवीची जळजळ सुरू होते. सीटचा प्रश्न असा संडासाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो.

मागे बसणाऱ्या बायकांबद्दलही बोलले पाहिजे. आशाताई बहुधा कुणाच्या तरी मागेच बसून येते. एका बाजूला पाय सोडून बसले की सारा भार एका कुल्ल्यावर येतो आणि पाठीला पीळ पडतो. तरी दोन्हीकडे पाय टाकून बसणे असभ्य, असे आजही सांगितले जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३व्या नियमात मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्का दांडा, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षण सांगितले आहे, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपल्या गाड्यांवर या तीन गोष्टी आहेत का? पुष्कळ ठिकाणी जाळी गंजून पडलेली असते आणि पाय ठेवायची पट्टी तुटलेली असते. ती दुरुस्त करून मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे.

आता विजेवरच्या स्कूटर आल्या आहेत. त्यांना सायलेन्सर नाही, पायाला धग नाही. जिथे चार्जिंगची सोय आणि बरा रस्ता आहे, तिथे संस्थांनी त्यांचा विचार जरूर करावा. पण सीट तिथेही बसून पाहूनच घ्यायची.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, पेट्रोल आणि टायरप्रमाणे सीटची दुरुस्ती अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहा. दोन, गाडी घेण्याआधी जी चालवणार तिला अर्धा तास चालवून पाहू द्या. तीन, एप्रिल-मेमध्ये लांबच्या भेटी सकाळी सहा ते दहामध्ये ठेवा. चार, प्रत्येक तालुक्यात दोघींना तरी ऑइल, ब्रेक, चेन यांची देखभाल शिकवा. पाच, कुणी काम सोडले तर कारण तिला स्त्री कार्यकर्तीने विचारावे, आणि ती जे सांगेल तेच लिहावे.

गावी परत गेल्यावर आपल्या भेटींची यादी काढा. उन्हाळ्यात कोणते पोड, कोणते तांडे, कोणत्या वाड्या गळतात त्यावर खूण करा. मग त्या रस्त्यावर कोणती गाडी जाते, तिची सीट कशी आहे आणि ती कोण चालवते, ते लिहा. हा कागद घेऊन संस्थेच्या बैठकीत बसा. त्या वाड्यांतल्या बायका आपली वाट पाहत आहेत.