बिनतारी जोडणी कोठें अडते?

शहापूर तालुक्यांतील एखाद्या गांवीं असें दृश्य दिसतें. कॉलेज-प्रवेशाच्या अर्जाचा शेवटचा दिवस, शहरांतील नातलगानें दिलेला जुना लॅपटॉप, त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली, आणि वाय-फायची खूण मात्र मिटलेली! घरांतील वडील मंडळी दोष देतात डोंगराला. माळशेजकडील मुरबाडच्या खोऱ्यांत तर हें कारण नेहमींचेंच, आणि मोबाइलच्या मनोऱ्यापुरतें तें पुष्कळदां खरेंही असतें. पण त्याच खोलींत मोबाइलला वाय-फाय मिळत असेल, तर डोंगर निर्दोष आहे; अडथळा पेटीच्या आंत आहे.

लॅपटॉपमधील बिनतारी चिप हा स्वतःच एक लहानसा संगणक होय. त्याला चालविणारा आज्ञासंच, ज्यास फर्मवेअर म्हणतात, बहुधा यंत्र सुरू होतांना दर वेळीं त्यांत भरावा लागतो. लिनक्सचा गाभा सर्वांस खुला. हें फर्मवेअर मात्र बहुतेक कारखानदारांच्या कुलुपांत. खुलेपणाचें तत्त्व कसोशीनें पाळणारी डेबियन मंडळी तें आपल्या अधिकृत स्थापना-संचांत घालीत नसत. परिणाम असा कीं, फर्मवेअर हवें तर इंटरनेट हवें, आणि इंटरनेट हवें तर फर्मवेअर हवें! अखेर २०२२ सालीं मतदान होऊन नियम बदलला, व जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर सोबतच येऊं लागलें. तत्त्वनिष्ठांस हें रुचलें नसेल. पण खेड्यांतील विद्यार्थ्याच्या बाजूनें पाहतां निर्णय योग्यच झाला.

हा पेंच या मुलखास नवा नव्हे. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यांतील खैराट गांवीं २००७ सालीं ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचीं हिरवीं-पांढरीं यंत्रें आलीं. तीं लिनक्सवर चालत. जवळच्या यंत्रामार्फत दूरच्या यंत्राशीं बोलण्याची योजनाही त्यांत होती. पण खुलेपणासाठीं गाजलेल्या त्या यंत्रांतही बिनतारी चिपचें फर्मवेअर बंदच होतें, व त्याबद्दल जाणकारांनीं टीकाही केली होती.

जोडणी लागून पुन्हा तुटत असेल, तर रोग निराळा. वीज वाचविण्यासाठीं चिप मधून मधून झोपी जाते, आणि कांहीं चिपांस वेळेवर जाग येत नाहीं. ही झोप बंद करून पाहावी. बॅटरी थोडी लवकर उतरेल इतकेंच.

आणि अर्जाची मुदत त्याच रात्रीं संपत असेल तर? मोबाइल यूएसबी तारेनें लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें. मोबाइलला मिळालेलें वाय-फायही बहुधा याच तारेनें लॅपटॉपला पोंचतें. आधीं अर्ज पाठवावा. फर्मवेअर मागाहून उतरवून घ्यावें.