खेळाचा नकाशा कशात काढायचा?

आजचा विषय आहे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळांसाठी नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. निवृत्त फौजी माणूस यात कुठे आला, असं काहींना वाटेल. पण हा खेळ आमच्याच घराण्यातला आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ खेळत. १८२४ साली त्याचे नियम छापून आले. नकाशा, ठोकळे, फासे आणि निकाल देणारा पंच. पुढे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला. दोघेही युद्धखेळातले मुरलेले गडी. पंचाचा झाला डंजन मास्टर. आणि गंमत बघा, रानावनातल्या प्रवासासाठी त्यांनी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच खेळाचा षटकोनी घरांचा पट वापरायला सांगितला होता. त्यामुळे तयार नकाशा घ्यायची लाज वाटू देऊ नका.

मला लोक विचारतात, ‘सर, सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ मी उलट विचारतो, या नकाशावर तुमचे खेळाडू काय ठरवणार आहेत? फौजेत कूच ठरवायचं तर एकास पन्नास हजारचा नकाशा काढतात, त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. पण हल्ला समजावून सांगायचा तर जमिनीवर सँड मॉडेल करतात. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

इथेही तसंच. अख्खं जग हवं असेल तर ‘अझगार’चा फँटसी मॅप जनरेटर घ्या. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो. बटण दाबलं की किनारे, राज्यं, शहरं तयार, आणि नद्या जमिनीच्या उंचीप्रमाणे वाहतात. हे महत्त्वाचं आहे. हाताने काढणारी मंडळी नदीला खाली जाताना फाटे फोडतात आणि ती दोन समुद्रांना नेऊन मिळवतात! देखणा, हाताने रंगवल्यासारखा नकाशा हवा तर ‘वंडरड्राफ्ट’ किंवा ‘इन्कार्नेट’. पहिलं एकदा पैसे देऊन आपल्या संगणकावर टाकायचं, दुसरं ब्राउझरमधलं. त्याची फुकट आवृत्ती आहे, पण सगळी चित्रं हवीत तर वर्गणी. ‘कॅम्पेन कार्टोग्राफर’ इंजिनिअरच्या ड्रॉइंगच्या धर्तीवर चालतं. ज्यांनी कॅडवर काम केलंय त्यांना ते आवडेल, बाकीचे आठवडाभर चिडचिड करतील.

तळघरातली लढाई दाखवायची असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे एक चौकोन म्हणजे पाच फूट, आणि प्रश्न एवढाच की दारामागचा धनुर्धारी मला पाहू शकतो का. त्यासाठी ‘डंजनड्राफ्ट’. ऑनलाइन खेळणाऱ्यांना त्याचा मोठा फायदा असा की भिंती, दारं आणि दिवे यांची माहिती नकाशाबरोबर फाइलमध्ये जाते. ज्या मंचावर ती फाइल चालते, तिथे भिंती पुन्हा आखाव्या लागत नाहीत. नुसत्या काळ्या रेघांवर काम भागत असेल तर ‘डंजन स्क्रॉल’ पुरे.

माझी एक तक्रार आहे. यातल्या बहुतेकांत डोंगर म्हणजे शिक्का. मारला की झाला डोंगर. त्या टेकडीवरून किल्ल्याचा दरवाजा दिसतो की मधली सोंड आड येते, हे चित्रावरून कळत नाही. आणि आमच्या धंद्यात तर तेवढंच कळायला हवं असतं! म्हणून अशा जागी मी नकाशावरच लिहितो: ‘इथून दरवाजा दिसतो’.

शनिवारी रात्री आम्ही ऑनलाइन खेळतो. भाचा बेंगळुरूला, एक मुलगी वडोदऱ्याला, एक बँकेतले गृहस्थ रायपूरला, आणि पुण्याहून मी. एकदा मी वीस मिनिटांत साधा नकाशा काढला. घाटाने दोन दिवस, पण पाणी नाही. नदीकाठाने चार दिवस, पण वाटेत शत्रूचा जकात नाका. ना रंग, ना झाडं. त्या एका फाट्यावर तिघे दीड तास भांडले! त्यांच्याकडे एक जखमी साथीदार होता, तो चार दिवस तग धरणार नव्हता. शेवटी घाटाने गेले, घोडे विकून पखाली घेतल्या. अंतर आणि पाणी लिहिलेलं नसतं तर हे भांडण झालंच नसतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. वर्गणीवालं घेतलंत तर प्रत्येक नकाशा मोठ्या आकाराच्या चित्रात उतरवून स्वतःकडे ठेवा. आणि आपलं साहस पुढेमागे विकायचा विचार असेल तर परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा आहे का, ते आधी वाचा. चित्रांचे जादा संच घेतले तर त्यांचे परवाने वेगळे असू शकतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. गावांची नावं मराठीत लिहायची असतील तर पैसे भरण्याआधी चाचणी घ्या. काही प्रोग्राम देवनागरी अक्षरं घेतात, पण जोडत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. अझगारसारख्या ब्राउझरमधल्या नकाशात मजकूर ब्राउझरच जुळवतो, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही. बाकी ठिकाणी फुकट आवृत्ती असेल तर तिच्यात, नसेल तर ज्याने विकत घेतलंय त्याच्याकडे बसून, ‘क्षितिजगड’ आणि ‘किर्रवाडी’ हे दोन शब्द टाइप करून बघा. नीट उमटले नाहीत तर नकाशा बिननावाचा उतरवून घ्या आणि नावं चित्रांच्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये वरून टाका. दहा मिनिटं जास्त लागतात.