भाद्रपदातल्या शिंका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला काही गोड बोलावे असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. मी मात्र शिंकांविषयी बोलणार आहे, म्हणून आरंभीच क्षमा मागते. गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती चार भिंतींत ठेवण्यापेक्षा आपणांपुढे मांडावी असे वाटले.

आमच्या थोरल्या जाऊबाई तुम्हां सर्वांच्या ओळखीच्या. श्रावण सरत आला की त्यांच्या शिंका सुरू होतात. एकामागून एक पंधरा-वीस शिंका, नाकाला धार, डोळ्यांना आणि टाळ्याला खाज. ताप मात्र कधी नाही. कोजागिरी झाली की हळूहळू ओसरते. घरात आम्ही त्याला "जाऊबाईंचे पडसे" म्हणत होतो आणि सुंठीचा काढा देत होतो. २०२० साली करोनाच्या दिवसांत हेच पडसे अंगावर आले. शिंक ऐकली की शेजारी दार लावून घेत. त्यांना आम्ही माडीवरच्या खोलीत वेगळे ठेवले, जेवणाचे ताट उंबऱ्यावर सरकवले. तपासणीत काही निघाले नाही. खाली आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मग दरवर्षी हे येतं कुठून?"

त्या प्रश्नापायी मी एक वही घातली. रोज तारीख, वारा, पाऊस, आसपास काय फुलले आहे आणि जाऊबाईंच्या शिंका किती. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या हाताच्या कातडीवर निरनिराळ्या परागांचे थेंब ठेवून टोचून पाहिले. एका थेंबाखाली मोठी गांधी उठली. तो थेंब होता गाजर गवताचा.

काँग्रेस गवत म्हणा, चटक चांदणी म्हणा, ते हेच. पाने गाजरासारखी, वर बारीक पांढरी फुले. मूळचे अमेरिका खंडातले. १९५५च्या सुमारास ते पुण्यात दिसू लागले आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. अमेरिकेच्या गव्हातून ते आले असे आपण सारे सांगतो; पण आपल्या देशातले त्याचे एकोणिसाव्या शतकातले वाळवलेले नमुनेही सापडले आहेत, तेव्हा सगळे पाप गव्हाच्या माथी मारता येत नाही. १९७४ साली डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गवताने होणाऱ्या कातडीच्या विकाराविषयी लिहिले. खुरपणाऱ्या बायांच्या हातांना, मानेला जे चट्टे उठतात, तेच ते.

फुलांविषयी आपला एक गैरसमज आहे. जाऊबाईंनी किती वर्षे मोगऱ्याचा गजरा माळला नाही! मोगरा बिचारा निर्दोष. रंगीत, सुवासिक फुलांचा पराग बहुधा जड आणि चिकट. तो माशी-भुंग्यांच्या अंगाला लागून जातो. वाऱ्यावर स्वार होतो तो ज्यांच्याकडे आपण वळूनही पाहत नाही अशा गवतांचा आणि ज्वारी-बाजरीचा. गाजर गवताचा कण तर मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा. शेवंती मात्र त्याच्याच कुळातली, म्हणून चट्टे उठणाऱ्या बाईने नवरात्रात शेवंतीच्या माळा ओवताना जपावे.

मँचेस्टरचे डॉ. ब्लॅकले यांना स्वतःलाच हा विकार होता. आपली मुले नागपंचमीला पतंग उडवतात, तसा पतंग वर सोडून, त्याला चिकट काच लावून, उंचावरच्या हवेतला पराग त्यांनी गोळा केला. १८७३ साली त्यांचे पुस्तक निघाले. घरच्या माणसांनी त्यांना काय म्हटले असेल ते देव जाणे.

आता माझी चूक. गेल्या वर्षी नवरात्रापूर्वी आपण रस्त्याच्या कडेचे गवत उपटण्याचे श्रमदान केले. कल्पना माझी. गवत कमरेइतके वाढलेले, फुलांनी पांढरे झालेले. आपण ते उघड्या हातांनी उपटले, भारे बांधून डोक्यावर घेतले आणि पाटाच्या कडेला नेऊन टाकले. वही घरात असून मला हे सुचले नाही. जाऊबाई नको म्हणत असताना मीच त्यांना "सावलीत बसून पाणी द्या" म्हणून ओढून नेले. रात्री त्यांची छाती घरघरू लागली, बोलताना वाक्य पुरे होईना. पहाटे अकलूजला न्यावे लागले. दोन दिवस त्या दवाखान्यात होत्या.

यंदा पाऊस पडला तेव्हा पाहिले, तर ज्या वाटेने भारे नेले त्या वाटेने गवताची हिरवी रांग उगवली होती. एका झाडाला हजारांनी बी धरते. आपण ते पेरीत गेलो होतो. पाटाचे पाणी मिळाल्यावर ते उन्हाळ्यातही फुलते. म्हणजे पूर्वी दोन महिन्यांचा असलेला त्रास आपल्याच हातांनी लांबला असता.

वहीतही एक खोट निघाली. माघात जाऊबाईंना पुन्हा खोकला येई, तो मी उसाच्या तुऱ्याच्या नावावर लिहीत गेले. तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा तो तोडणीनंतर पाचट पेटवण्याचे दिवस सोडून कधीच आला नव्हता. तो धूर. त्याला गवत उपटून काय होणार? पाचट कुजवावे हे घरच्या पुरुषमंडळींना सांगण्याचे काम मात्र आपलेच आहे, आणि ते गवत उपटण्याहून कठीण आहे!

तेव्हा माझी सूचना अशी. पुढच्या वर्षी श्रमदान नवरात्रात नको, आषाढात ठेवावे. जमीन ओली असते, मूळ सहज येते, आणि उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फूल धरते, त्याच्या आत हात घालावा. फुलण्याआधीचे गवत खड्ड्यात कुजवून खत करता येते. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळा पेरावा. तो गाजर गवताला दाबतो आणि कोवळा असताना भाजीलाही होतो. पानांवर ठिपक्या-रेघांचे लहान भुंगेरे दिसले तर मारू नयेत. ते हेच गवत खाणारे मेक्सिकोचे भुंगेरे असू शकतात. १९८४ साली बंगलोरकडे ते मुद्दाम सोडले होते. ज्यांना दमा आहे किंवा शिंकांचा त्रास आहे त्यांनी या कामाला येऊच नये, कोणी आग्रह केला तरी. मी केला तरी.

हातमोज्यांचे पंचवीस जोड मंडळाच्या कपाटात आणून ठेवले आहेत. परसात आताच फुललेले असेल तर नाकातोंडाला फडके बांधून, आधी शेंडे पिशवीत कापून घ्यावेत आणि खोल पुरावेत. मोजे नेताना नाव लिहावे. वही त्याच कपाटात आहे. ज्यांच्या घरी भाद्रपदात असे पडसे येते त्यांनी त्यात आपल्या तारखा घालाव्यात. पहिले पान जाऊबाईंच्या अक्षरात आहे.