त्वचेची दिनचर्या

(महिलांसाठीच्या आरोग्य व्याख्यानमालेत एका त्वचारोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय कळविताना संयोजिकांनी ‘सौंदर्यसाधना’ हा शब्द योजला होता. त्याऐवजी ‘दिनचर्या’ म्हणावे, अशी विनंती मी त्यांना केली. हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्यायच दिनचर्येचा असून दात घासणे, व्यायाम यांच्या पंक्तीत तेथे अभ्यंग, उद्वर्तन आणि स्नान येते. मी आधुनिक वैद्यकाची विद्यार्थिनी आहे. तरीही त्वचेची निगा म्हणजे रोजचे साधे कर्तव्य, ही मांडणी मला मनापासून पटते.

हे कर्तव्य तीन गोष्टींत आटोपते. हलक्या हाताने स्वच्छता, ओलावा टिकविणे आणि उन्हापासून रक्षण. यास सकाळी पाच मिनिटे आणि रात्री दोन मिनिटे पुरतात. आज मात्र मला अधिक वेळ हवा आहे तो चेहऱ्याला काय लावू नये, हे सांगण्यासाठी.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. विटा आणि चुना यांची भिंत असावी तशी त्याची रचना आहे. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. ही भिंत किंचित आम्लधर्मी असते आणि त्यामुळेच जंतूंना तेथे सहज थारा मिळत नाही. नेहमीचा साबण मात्र अल्कधर्मी असतो. दिवसातून पाच-सहा वेळा चेहरा साबणाने खसखसून धुणारी मुलगी मळाबरोबर चुनाही धुऊन टाकते. मग चेहरा ओढल्यासारखा होतो, आग होते, आणि ती समजते की आपल्याला आणखी एखादे क्रीम हवे! चेहरा दोन वेळा सौम्य, फेस कमी करणाऱ्या द्रवाने धुतला तरी पुरे. अंगाचा साबण घेताना वेष्टनावर ‘टीएफएम’ हा आकडा पाहावा. तो ७६ किंवा अधिक असेल तर तो पहिल्या प्रतीचा साबण. लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा स्वयंपाकघरातच राहू द्यावा. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. दिवाळीचे उटणे अवश्य लावावे. परंतु मुरुमे असलेल्या चेहऱ्यावर ते रगडू नये.

आंघोळीनंतर अंग टिपून, ते थोडे ओलसर असतानाच स्निग्ध पदार्थ लावावा. तो महाग असण्याची काहीच आवश्यकता नाही. हातापायांना खोबरेल तेल चालते, भेगाळलेल्या टाचांना आपल्या कोकणातले कोकमतेल उत्तम. चेहऱ्यावर मुरुमे येत असतील तर तेथे मात्र तेल नको, हलके मॉइश्चरायझर घ्यावे.

उन्हाविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे की सावळ्या त्वचेला संरक्षण नको. सावळ्या त्वचेत रंगद्रव्याचे नैसर्गिक कवच असते हे खरे. पण वांग येतो तोही याच त्वचेला, आणि ऊन त्याला खतपाणी घालते. ‘एसपीएफ ३०’चे क्रीम त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडविते, ५०चे सुमारे ९८ टक्के. म्हणजे मोठ्या आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसे लावणे महत्त्वाचे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा आणि मान यांना लागतात. बहुतेक जणी हरभऱ्याएवढे लावतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी छत्री आणि सुती ओढणी वापरावी. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्या आपल्या मुलींची पुष्कळ थट्टा होते, पण वैद्यक त्यांच्याच बाजूने आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

मुलीचे लग्न ठरविण्याचे दिवस आले की घरात एक ट्यूब येते. कुणी मैत्रीण देते, कधी औषधाच्या दुकानातून ‘गोरे होण्याचे द्या’ असे सांगून ती आणली जाते. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मुरुमे बसतात. घर आनंदते आणि धाकटीही तीच ट्यूब लावू लागते. या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे लिहून घ्या. इसब, सोरायसिस यांसारख्या विकारांत, मोजक्या दिवसांसाठी, वैद्याच्या देखरेखीखाली ही मौल्यवान औषधे आहेत. मीही ती लिहून देते. चेहऱ्याची त्वचा मात्र हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी अधिक औषध शोषून घेते. महिनोन्महिने लावल्यास ती पातळ होते, रक्तवाहिन्यांचे लाल जाळे दिसू लागते, ओठांवर व गालांवर लव वाढते, मुरुमांचे पीक येते. ट्यूब थांबवावी तर चेहरा लालबुंद होऊन भडकतो. म्हणून पुन्हा ट्यूब. व्यसनाचाच हा प्रकार आहे. हेच मिश्रण गजकर्णावर लावल्याने खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. आज गजकर्ण घराघरांत चिवट होऊन बसले आहे, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

कायदा नाही असे नाही. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची चौदा स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात. मागणारे आपणच असतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

याहून घातक आहेत ती बिननावाची, वेष्टनावर घटक न छापलेली क्रीमे. त्यांत पारा असू शकतो. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून त्वचा उजळ दिसते. पण तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांवर आघात करतो. केरळमधील कोट्टक्कल येथील वैद्यांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदविले. त्यांतील १५ जणांत या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला, आणि त्या १५पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरली होती. पायांना सूज, लघवीला फेस अशी लक्षणे दिसल्यावर चेहऱ्याच्या क्रीमचा विचार कोण करील?

आयांनो, एक गोष्ट तुम्हाला सांगते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांच्या त्वचेत रंग निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. भेद असतो तो त्या पेशी रंगद्रव्याचे कण केवढे आणि कसे तयार करतात यात, आणि तो जन्मतः ठरतो. कोणतेही क्रीम तो कायमचा बदलू शकत नाही. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गेला. वधू-वर परिचयपत्रातील ‘गोरी, सुस्वरूप’ मात्र आजही जागेवर आहे. ते काढणे कोणत्याही कंपनीच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. मुलाच्या आईने ही अट घातली नाही, तर मुलीच्या आईला ट्यूब आणावी लागणार नाही.

ज्यांच्या घरी अशी ट्यूब आहे त्यांनी घाबरून ती एका दिवसात फेकू नये, आणि कुणाला विचारल्याविना चालूही ठेवू नये. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. औषध हळूहळू कमी करावे लागते, मधल्या काळात चेहरा भडकतो, आणि पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. त्या महिन्यांत मुलीला घरातून आधार हवा, कारण अर्ध्यावर सोडणाऱ्याच अधिक असतात. बिननावाचे क्रीम असेल तर ते मात्र आजच बंद करा, डबीसकट दाखवा आणि लघवीची तपासणी करून घ्या.

कार्यक्रमानंतर अर्धा तास मी येथेच आहे. कुणाच्या पर्समध्ये ट्यूब असेल तर संकोच न करता आणून दाखवा. नाव वाचून सांगते.