बापानंतर आई?



‘ताबा’ हा शब्द मला मुळातच खटकतो. ताबा शेताचा असतो, गाळ्याचा असतो. कोर्टात मात्र मुलाचाही ताबाच मागायचा असतो, आणि वकील म्हणून मीही आजवर तसेच अर्ज लिहीत आलो. त्यात आपण आणखी एक घोळ घालतो. ताबा म्हणजे मूल कुणाच्या घरी राहणार. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने सही कुणी करायची, त्याची जमीन नि पैसा कुणी बघायचा. मूल एकटीने वाढवणाऱ्या बाईला खिडकीवरचा कारकून ‘वडिलांची सही आणा’ म्हणतो, तेव्हा अडचण ताब्याची नसते, पालकत्वाची असते.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं सहावं कलम काढून बघा. नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहावं, एवढी सवलत. पुढच्याच पोटकलमात विवाहबाह्य संततीचा प्रश्न येतो आणि क्रम उलटा होतो: आधी आई, मग बाप. म्हणजे आई तीच, मूलही तेच. गळ्यात मंगळसूत्र पडलं की बाई दुसऱ्या नंबरावर! (तिसरं पोटकलम तर अल्पवयीन विवाहित मुलीचा पालक म्हणून तिच्या नवऱ्यालाच उभं करतं. त्यावर बोलायला दुसरं व्याख्यान लागेल.)

या ‘नंतर’वर पहिला घाव बसला तो आपल्या विदर्भातल्या जमिनीच्या एका साध्या वादात. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान, 1970. नवरा हयात होता, पण वीसेक वर्षं वेगळा राहत होता. मुलीचं सगळं आईच बघत होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशा स्थितीत आईच नैसर्गिक पालक. मग लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले, अर्जावर पालक म्हणून सही स्वतःची. नवऱ्याची संमती होती, तरी अर्ज परत आला. 1999 मध्ये न्यायालयाने सांगितलं, ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावर नव्हे, त्याच्या अनुपस्थितीत. आणि तो लक्ष घालत नसेल किंवा त्यानेच आईवर सोपवलं असेल, तर तीही अनुपस्थितीच. निकालाचं कौतुक झालं. माझं मन मात्र अर्धंच भरतं. कारण बाप हजर आणि तत्पर असेल, तर आई पुन्हा मागेच. कलमातला शब्द तसाच आहे.

अविवाहित आईचा त्रास वेगळा. कायद्याने ती पहिली, पण 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज केला की आई-बाप दोघांना नोटीस काढायची पद्धत. दिल्लीतल्या एका अविवाहित ख्रिस्ती आईने बापाचं नाव सांगायला नकार दिला. खालच्या कोर्टात हरली, उच्च न्यायालयात हरली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू घेतली आणि एकट्या आईला प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्या, असंही बजावलं.

आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावामागोमाग आईचं, मग बापाचं नाव लागतं. नावात आई पुढे आली. कलमात यायची आहे.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली एका गृहस्थांची. लग्न झालेलं नाही, मूल चार वर्षांचं, आई भेटू देत नाही. मला हक्क आहे का? आहे, पण रांगेत मागे. 1890 च्या कायद्याखाली अर्ज करा, निदान भेटीची वेळ मागा. न्यायाधीश तुमच्या हक्कापेक्षा मुलाचं हित आधी पाहतील. पितृत्व नाकारलं गेलं तर ते आधी सिद्ध करावं लागेल. लस टोचायला कोण नेत होतं, बालवाडीची फी कुणी भरली, हे विचारतील. पावत्या जपून ठेवल्या असतील तर उद्या घेऊन या.