अभय कोणाला? मालवणच्या सागरी अभयारण्याविषयी

(धाराशिव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



धाराशिवात बसून समुद्राविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना प्रवाळ आणि मासळी यांचे काय होय? परंतु प्रश्न पाणी खारे की गोडे, हा नाहीच. निसर्गाच्या रक्षणासाठी शासन एखाद्या प्रदेशाभोवती रेषा आखते, तेव्हा त्या रेषेच्या आत पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या माणसाचे स्थान काय, हा तो प्रश्न आहे. आणि त्याच्याशी आपला परिचय नाही असे आपल्याला म्हणता येणार नाही. परंड्याहून पश्चिमेला निघालो की करमाळा लागते. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्यात हा तालुका होता. त्या कथेकडे मी पुन्हा येईन. आधी मालवण.

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवणच्या किनाऱ्यालगतचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा सागरी प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यापैकी तीन चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक भाग हा गाभा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे खडक त्यात येतात. उरलेला जवळजवळ २६ चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे भोवतालचा संरक्षक पट्टा. या निवडीमागे शास्त्रीय कारण होते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. आपल्या गढूळ पाण्याच्या किनाऱ्यावर प्रवाळ क्वचितच आढळतात. ते किल्ल्याच्या परिसरात आहेत. खडकांच्या कपारींत मासळी अंडी घालते, पिले वाढतात. हे सारे वाचावे असे म्हणणारा शास्त्रज्ञ मच्छिमारांचा वैरी नव्हे.

मग विरोध का झाला? मालवणच्या गाबीत वस्त्यांतून अभयारण्याविरुद्ध पहिल्यापासून जो आवाज उठला, तो अज्ञानातून उठला असे मानण्याची पद्धत शहरी निसर्गप्रेमी मंडळींत आहे. मला ते मान्य नाही. किनाऱ्यालगतचे हेच पाणी रापणीचे पाणी आहे. रापण म्हणजे काय, हे घाटावरच्या श्रोत्यांना सांगितले पाहिजे. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर दोन रांगांनी उभ्या राहिलेल्या माणसांनी ओढून आणायची. हे काम एकट्या घराचे नव्हे. त्यासाठी संघ लागतो, आणि आलेल्या मासळीत दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा असतो. सहकाराचे कायदे होण्यापूर्वीचा हा सहकार आहे. तो खोल समुद्रात नेता येत नाही. ट्रॉलरचा मालक दहा मैल पुढे जाईल. रापणीचा संघ किनारा सोडून जाणार कोठे?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यजीवाच्या व्याख्येत मासळीही घातली होती. कायद्याच्या दृष्टीने विचार केला तर अधिसूचना निघाल्याच्या दिवसापासून रापणकर हा शिकाऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसला. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. अभयारण्यातील लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्याने करावी, दोन महिन्यांत दावे मागवावेत, अशी तरतूद या कायद्यात आहे. पण ती सारी भाषा जमिनीवरच्या हक्कांची आहे. तुमच्याआमच्याकडे सातबारा असतो. समुद्राला सातबारा नाही. आजोबांनी ज्या वाडीसमोर जाळे ओढले तेथेच नातवाने ओढावे हा संकेत किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असतो, परंतु तो कोणत्याही दप्तरात नसतो. ज्याचा कागद नाही त्याने दावा कशाच्या आधारे लावायचा? शिवाय मूळ कायद्यात क्रमही उलटा होता: आधी अभयारण्य जाहीर करायचे आणि मग हक्कांची चौकशी करायची. १९९१ च्या दुरुस्तीने हा क्रम बदलला, आणि प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा झाल्यास स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी तजवीज केल्यानंतरच सीमा ठरवाव्यात, असे कलम त्यात आले. म्हणजे मालवणचे मच्छिमार जे मागत होते ते अवाजवी नव्हते, याची कबुली संसदेनेच चार वर्षांनंतर दिली. अधिसूचना मात्र त्यापूर्वीच निघून चुकली होती.

आता या वादातील जी बाजू सहसा सांगितली जात नाही तिच्याकडे वळतो. समुद्रावर बंधने घाला, ही मागणी या देशात प्रथम कोणी केली? ती मच्छिमारांनी केली. साठीच्या दशकापासून यांत्रिक ट्रॉलर आले. समुद्राचा तळ खरवडून काढणारी त्यांची जाळी लहान पिलांसकट सर्व काही उचलू लागली, आणि परदेशी चलन मिळवून देणाऱ्या कोळंबीच्या मोहाने शासनानेच त्यांना कर्जे व अनुदाने दिली. सत्तरीच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी संघटना उभारून त्याविरुद्ध लढा दिला. माथानी साल्ढाणा यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. केरळात पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवावेत म्हणून मच्छिमारांनी उपोषणे केली, आणि १९८८ साली तेथे ती बंदी आली. गोव्याचा १९८० चा आणि महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा हे या अस्वस्थतेचे अपत्य होय. किनाऱ्यालगतचे ठराविक खोलीपर्यंतचे पाणी लहान मच्छिमारांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार या कायद्याने शासनाला मिळाला.

तो वापरला कसा गेला, हे मालवणच्या कोणत्याही बंदरावर जाऊन विचारावे. कर्नाटकातील मलपीचे वेगवान ट्रॉलर राखीव पाण्यात शिरतात, ही तक्रार तेथे वर्षानुवर्षे आहे. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निघाला. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. कागद एकामागून एक निघाले. समुद्रात मात्र पारंपरिक मच्छिमारांनाच रात्री होड्या घेऊन ट्रॉलरच्या आड जावे लागले, त्यांतून झटापटी झाल्या. जे शासन ट्रॉलरला रोखू शकत नाही ते रापणीला रोखण्याचा अधिकार मागते, तेव्हा त्याच्या निसर्गप्रेमावर विश्वास कसा बसावा? विरोधाचे मूळ मला येथे दिसते. बंधन नको, असे मच्छिमार म्हणालेले नाहीत. बलवंताला मोकळीक आणि दुर्बळाला बंधन, हे त्यांना नको आहे.

तथापि एवढे म्हणून थांबणे ही निव्वळ खुशामत होईल, आणि समाजवादी कार्यकर्त्याने श्रमिकांची खुशामत करू नये. पर्ससीनचे सारेच मालक बाहेरचे नाहीत. त्यांत याच किनाऱ्यावरचे, याच जातीचे, रापणकरांच्याच घरांतले लोक आहेत. मच्छिमार समाज जातीने एक दिसतो, वर्गाने तो केव्हाच दुभंगला आहे. 'अभयारण्य रद्द करा' या घोषणेखाली हे दोन्ही वर्ग एकत्र उभे राहतात, आणि घोषणेचा खरा लाभ पुष्कळदा वरच्या वर्गाला होतो. किनाऱ्यावर हॉटेले बांधू पाहणाऱ्यालाही अभयारण्य नकोच असते. तो मच्छिमारांच्या मोर्चाला टाळ्या वाजवतो. दरम्यान गाभ्यातील प्रवाळांचे काय झाले? विरोधामुळे आणि अनास्थेमुळे अभयारण्य बव्हंशी कागदावर राहिले, आणि त्याच पाण्यात पर्यटकांना बुडी मारून प्रवाळ दाखवण्याचा धंदा वाढला. नांगर पडतात, पाय पडतात. त्यातून गाबितांच्या तरुणांना रोजगार मिळाला हे खरे; पण ज्या कोवळ्या प्रवाळांसाठी आजोबांचे जाळे अडवले, त्यांवर नातू प्रवासी उतरवतो, यातली विसंगती कोणीतरी बोलून दाखवली पाहिजे.

आता माळढोक. साडेआठ हजार चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या अख्ख्या धाराशिव जिल्ह्याहून मोठा प्रदेश. त्यात लोकांची शेते होती, गावे होती. खासगी जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, आणि शेतकऱ्याच्या मनात त्या निरुपद्रवी पक्ष्याविषयी द्वेष निर्माण झाला. अखेर २०१२ साली अभयारण्य सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत आकसले. तोवर माळ नांगरले गेले होते, ऊस आला होता, आणि नान्नजच्या माळावर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. लोकांना डावलून केलेल्या रक्षणात लोकही गेले आणि पक्षीही गेला. (येडशीच्या रामलिंग अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात विदर्भातील टिपेश्वरहून एक वाघ येऊन पोहोचला. त्याचे कौतुक वर्तमानपत्रांनी केले. ज्यांची जनावरे रानात चरतात त्यांना ते तितकेसे करता आले नाही.)

याहून निराळे काही होऊ शकते काय? फिलिपीन्समधील आपो नावाच्या छोट्या बेटावर १९८२ च्या सुमारास मच्छिमारांनी स्वतः आपल्या प्रवाळखडकाचा एक लहानसा भाग, सुमारे दहावा हिस्सा, मासेमारीला बंद केला. सिलिमन विद्यापीठाचे अँजेल अल्काला आणि त्यांचे सहकारी तेथे वर्षानुवर्षे जाऊन लोकांशी बोलत राहिले, निर्णय मात्र बेटाचा होता. राखणही बेटानेच केली. बंद भागात मासळी वाढली आणि ती बाहेरच्या जाळ्यांतही येऊ लागली. जवळच्याच सुमिलोन बेटावर १९७४ पासून संरक्षण होते, परंतु ते स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते. सत्ता बदलली, १९८४ मध्ये संरक्षण कोसळले, आणि दोन वर्षांच्या आत आसपासच्या मच्छिमारांची पकड जवळजवळ निम्म्यावर आली. शास्त्र दोन्हीकडे एकच होते. फरक एवढाच की एका ठिकाणी बंदीची मालकी लोकांची होती. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या साह्याने गावकऱ्यांनी कासवांची घरटी राखली. तेथे कोणाचे जाळे बंद करावे लागले नाही, म्हणून ते काम तुलनेने सोपे होते. पण गाव राखणदार होऊ शकते, एवढे त्यातून नक्की दिसते.

२०२२ साली जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंत तीस टक्के भूमी आणि तीस टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. स्थानिक लोकांच्या हक्कांचा आदर राखून, असेही त्यात लिहिले आहे. टक्केवारी गाठण्याची घाई झाली की हा उत्तरार्ध गळून पडेल, अशी मला भीती वाटते. ती निराधार नाही. याच महाराष्ट्रात डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे. तेथे मच्छिमारांचा विरोध असताना वाढवण येथे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. आणि आपल्या मराठवाड्यातच पैठणला पाहा. जायकवाडीच्या जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प येणार म्हणताच कहार समाजाचे मच्छिमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले, आणि जलाशयाला लाभलेल्या पक्षी अभयारण्याच्या दर्जाचा त्यांनी आधार घेतला. २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांचे म्हणणे फेटाळले, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. मालवणचा मच्छिमार अभयारण्याविरुद्ध उभा आहे आणि पैठणचा अभयारण्याच्या आडोशाला उभा आहे. दोघांचे भांडण पक्ष्याशी नाही, प्रवाळाशी नाही. आपल्या पाण्याचा निर्णय आपल्यावाचून होतो, याच्याशी आहे.

तेव्हा मालवणच्या प्रश्नावर आपण नुसते 'रद्द करा' म्हणू नये, आणि 'अंमलबजावणी करा' असेही म्हणू नये. आपली पहिली मागणी ही की १९८१ च्या कायद्याची अंमलबजावणी आधी करा. ट्रॉलर, पर्ससीन आणि दिव्यांची मासेमारी राखीव पाण्यातून बाहेर गेल्याचे मच्छिमारांना दिसल्यावाचून त्यांच्यापुढे गाभ्याचा विषय काढू नका. रापणसंघ आणि लहान होड्यांच्या संस्था यांच्या वहिवाटीची, वाडीवार, लेखी नोंद करा; समुद्राचा तो पहिला सातबारा ठरेल. कोणता खडक, किती महिने बंद ठेवायचा हे या संस्थांनी शास्त्रज्ञांना शेजारी बसवून ठरवावे, आणि बंद काळात रापणकराच्या जाळ्याला जो नियम तोच पर्यटकांच्या होडीच्या नांगराला लावावा. असे बंधन लोक पाळतील काय, अशी शंका मघाशी एका मित्राने काढली. यंत्रे येण्यापूर्वी नारळी पौर्णिमेचा नारळ पडेपर्यंत सबंध किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या असत, आणि त्यासाठी सरकारला एकही गस्ती नौका ठेवावी लागत नसे.